हॉरिपिलेशन, हर्ष आणि अंगावरचा काटा

माझी भाची इंदूरला चौथीत आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या शाळेत इंग्रजी स्पेलिंगची स्पर्धा होती. बाईंनी पाठ करायला शब्दांची यादी दिली होती आणि त्यात एक शब्द होता ‘हॉरिपिलेशन’. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला.

“मामा, याचा अर्थ गूजबम्प्स असा लिहिलाय. मग सरळ गूजबम्प्स का नाही म्हणत?”

मी म्हटलं, मोठ्या माणसांना मोठे शब्द लागतात.

“पण यात हॉरर आहे ना? म्हणजे भुताच्या पिक्चरमध्ये येतात तेच का फक्त? मला तर गणपतीत ढोल वाजले की पण येतात. तेव्हा मला भीती थोडीच वाटते!”

मी ‘बघून सांगतो’ म्हणून फोन ठेवला. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाही. पण प्रश्न बिनचूक होता. एखाद्या गोष्टीच्या नावातच भीती असेल, तर तीच गोष्ट आनंदात कशी येते? त्या रात्री कोश उघडून बसलो आणि उत्तर मिळालं ते थेट आपल्या घरातलं निघालं.

आधी तो इंग्रजी शब्द. सतराव्या शतकात तो लॅटिनवरून इंग्रजीत आला. ‘पिलुस’ म्हणजे केस आणि ‘होर्रेरे’ म्हणजे ताठ उभं राहणं, काट्यासारखं वर येणं. दोन्ही मिळून केस उभे राहणं. एवढाच साधा अर्थ आहे, त्यात भूत कुठेच नाही. लॅटिनमध्ये ‘होर्रेरे’ हे क्रियापद शेतालाही वापरत. ओंब्यांनी भरलेलं शेत, भाल्यांनी भरलेलं रणांगण, सगळं ‘होर्रेरे’. जवाला लॅटिनमध्ये ‘होर्डेउम’ म्हणतात आणि तो शब्दही याच मुळाचा मानतात, कारण जवाच्या ओंबीला लांबलचक कुसळं असतात. भीतीने माणसाचे केस उभे राहतात, म्हणून पुढे हेच क्रियापद ‘थरकाप होणं’ या अर्थाने रुळलं आणि त्यातून ‘हॉरर’, ‘हॉरिबल’, ‘हॉरिड’ निघाले. म्हणजे हॉरर हा शब्द आधी केसांचा होता, भीतीचा नंतर झाला.

आता गंमत पुढे आहे. ‘होर्रेरे’चं सख्खं भावंड संस्कृतात आहे. तो धातू म्हणजे ‘हृष्’. आणि हृष् पासून झालेला, आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द म्हणजे हर्ष.

हॉरर आणि हर्ष एकाच मुळाचे! मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. असे ‘चमत्कारिक’ दावे मोबाइलवर रोज फिरत असतात आणि निम्मे नुसत्या उच्चाराच्या साम्यावर उभे असतात. (‘रोमांच’ आणि ‘रोमान्स’ एकच, असं कित्येकांना मनापासून वाटतं. त्यांचा काही संबंध नाही. रोमान्स हा रोम शहराच्या नावावरून आलेला शब्द, रोमांचातलं रोम म्हणजे अंगावरची लव.) म्हणून मी जरा तपासून पाहिलं. कोडमध्ये एखादा नियम खरा आहे की योगायोग, हे बघायला आपण तोच नियम दुसऱ्या उदाहरणांवर चालवून पाहतो. भाषेतही तसंच करतात.

संस्कृत, लॅटिन, जर्मन, इंग्रजी या भाषा एका फार जुन्या भाषेच्या लेकी. त्या भाषेतल्या एका विशिष्ट ‘घ’सारख्या आवाजाचा संस्कृतात ‘ह’ झाला, लॅटिनमध्येही सहसा ‘ह’ झाला आणि इंग्रजी-जर्मनकडे ‘ग’ झाला. उदाहरणार्थ संस्कृतात हिम, लॅटिनमध्ये हिवाळ्याला ‘हिएम्स’. दुसरं उदाहरण तर या विषयावर हसावं असं आहे. संस्कृतात हंस, जर्मनमध्ये ‘गान्स’ आणि इंग्रजीत ‘गूज’. लॅटिनमध्ये ‘आन्सेर’, तिथे सुरुवातीचा ह गळून पडला. म्हणजे गूजबम्प्स हा शब्दही अर्धा आपलाच आहे. हंसकाटा म्हणा हवं तर.

शेवटच्या आवाजाचंही तसंच. मूळ भाषेत जिथे ‘र्स’ होतं तिथे संस्कृतात ‘ष’ दिसतो आणि लॅटिनमध्ये दोन र एकत्र येतात. तृष् म्हणजे तहानणं, त्यावरून तृषा. लॅटिनमध्ये त्याच धातूचं ‘तोर्रेरे’, म्हणजे सुकवणं, होरपळवणं. इंग्रजीतला ‘थर्स्ट’ही त्यांचाच. तर तृष् आणि तोर्रेरे, हृष् आणि होर्रेरे. साचा तंतोतंत जुळतो. जाता जाता, ‘टेरर’चं भावंडही आपल्याकडे आहे, तो म्हणजे त्रास. संस्कृतात त्रास म्हणजे भीती. मराठीत येईपर्यंत तो इतका निवळला की आता डास चावले तरी आपल्याला त्रास होतो.

तर हृष् चा मूळ अर्थ आनंद होणं हा नव्हता. ताठ होणं, उभं राहणं, शिरशिरणं हा होता. याचा पुरावा संस्कृतातच पडला आहे. आयुर्वेदात ‘दंतहर्ष’ नावाचा विकार आहे. दातांना हर्ष होतो म्हणजे काय, तर थंड किंवा आंबट लागलं की ते आंबतात. ‘पादहर्ष’ म्हणजे पायाला येणाऱ्या झिणझिण्या. आणि ताप चढायच्या आधी दिसणाऱ्या लक्षणांत ‘रोमहर्ष’ दिलेला आहे. तापाच्या शिरशिरीत हर्ष कसला आलाय! पण शब्द तोच.

पाणिनीने तर यावर एक वेगळा नियमच करून ठेवला आहे. अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात तो सांगतो की हृष् हा धातू जेव्हा अंगावरच्या केसांबद्दल वापरायचा, तेव्हा ‘हृष्ट’ आणि ‘हृषित’ ही दोन्ही रूपं चालतील. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणात अंगावरच्या काट्यासाठी राखीव नियम असावा, हे वाचून मला पाणिनीबद्दल एकदम आपुलकी वाटली. कोडमध्ये एखाद्या अपवादासाठी आपण एक ओळ जास्त घालतो ना, अगदी तसं.

म्हणजे लॅटिनमधला ‘पिलुस’ आणि ‘होर्रेरे’, संस्कृतातला ‘रोम’ आणि ‘हर्ष’. हॉरिपिलेशन आणि रोमहर्ष हे दोन शब्द एकमेकांचे जवळजवळ शब्दशः भाषांतर आहेत. वाटा मात्र पुढे फुटल्या. तिकडे केस उभे राहण्यातून भीती उरली, इकडे आनंद उरला.

पण इकडेही लगेच उरला नाही. शाळेत मला संस्कृत होतं आणि गीतेचा पहिला अध्याय वाचताना एक गोष्ट खटकायची. अर्जुन समोरच्या सैन्यात आजोबा, गुरू, भाऊ बघतो, त्याचं तोंड कोरडं पडतं, अंग कापतं आणि तो म्हणतो की मला रोमहर्ष होतोय. मराठी अनुवादात ‘अंगावर काटा’ असायचं. मला वाटायचं, हर्ष हा शब्द इथे चुकून आला. चूक माझीच होती. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून विस्मयाने भरलेल्या त्याच अर्जुनाला ‘हृष्टरोमा’ म्हटलं आहे. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय धृतराष्ट्राला सांगतो की हा सगळा संवाद ‘रोमहर्षण’ होता. एकाच ग्रंथात हा शब्द आधी दुःखाने गलितगात्र झालेल्या माणसासाठी, मग आश्चर्याने थक्क झालेल्यासाठी आणि शेवटी ऐकून धन्य झालेल्यासाठी. तिन्ही वेळा अंगावर होतं ते एकच.

पुराणं सांगणाऱ्या सूताचं नावच मुळी लोमहर्षण. व्यासांचा तो शिष्य, आणि त्याची कथा ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर रोम उभे राहत म्हणून हे नाव पडलं, असं परंपरा सांगते. आज एखाद्या वक्त्याला आपण असं नाव दिलं तर कौतुक की टोमणा, हे कळणार नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रोमांच हा आठ सात्त्विक भावांपैकी एक. त्याची कारणं दिली आहेत ती वाचा: स्पर्श, भय, थंडी, हर्ष, राग आणि रोग. थंडी आणि राग एकाच यादीत! बाकी अभिनय हातवाऱ्यांनी करता येतो, पण हे भाव मनात खरंच उतरल्याशिवाय अंगावर येत नाहीत, म्हणून ते सात्त्विक. आणि ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाचं वर्णन करताना हे भाव त्याच्यावर उतरवले आहेत. पायापासून वरपर्यंत रोमांचांचाच जणू अंगरखा चढला, अशी ती कल्पना आहे. गूजबम्प्सना अंगरखा म्हणावं, हे मला तरी दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेलं नाही.

भरतमुनींच्या त्या यादीला आजचं शरीरशास्त्र दुजोरा देतं. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक अगदी बारीक स्नायू असतो. तो आखडला की तिरका असलेला केस उभा होतो आणि मुळाभोवतीची कातडी पुटकुळीसारखी वर येते. हा स्नायू आपल्या मर्जीतला नाही. हाताची मूठ वळावी तसा काटा आणता येत नाही. त्याची दोरी ज्या मज्जातंतूंच्या हातात आहे, तेच तंतू संकटात छातीची धडधड वाढवतात. थंडी असो, भीती असो की अचानक उसळलेला आनंद, हुकूम त्याच तारेवरून येतो. तळहात आणि तळपायांवर केस नसतात, म्हणून तिथे काटा कधीच येत नाही.

दाट केसांच्या प्राण्यांना याचा उपयोग आहे. केस उभे राहिले की त्यात हवा अडकते आणि ऊब राहते. आणि कुत्रा समोर आला की मांजर फुगून दुप्पट दिसते, तेही याच स्नायूंमुळे. डार्विनने १८७२ साली माणूस आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं, त्यात केस आणि पिसं फुलवण्याबद्दल बरंच काही आहे. आपले केस गेले, स्नायू राहिले. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या आवृत्तीतलं फंक्शन, कुणी काढून टाकलं नाही म्हणून अजून चालतंय. अर्थात अगदीच निरुपयोगी म्हणायलाही नको. २०२० साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या उंदरांवरच्या संशोधनात असं दिसलं की हा स्नायू आणि त्याच्याशी जोडलेला मज्जातंतू मिळून केसांच्या मूळपेशींना जागं करतात, नवे केस उगवायला मदत करतात.

शरीराला भीती आणि आनंद यांतला फरक काट्यापुरता कळत नाही, हे मी स्वतः एकदा अनुभवलं आहे, फक्त तेव्हा हा शब्द माहीत नव्हता. नऊ-दहा वर्षांपूर्वी मी हैदराबादला नोकरीला नवीन होतो. ताई इंदूरला माहेरी होती, आठवा महिना चालू होता. रात्री सव्वादोनला फोन वाजला आणि स्क्रीनवर ‘बाबा’ दिसलं. आमचे बाबा रात्री नऊनंतर कुणाला फोन करत नाहीत. मी फोन उचलायच्या आधीच दोन्ही हातांवर काटा उभा होता, मानेपर्यंत. बाबांचा आवाज घोगरा होता. ते एवढंच म्हणाले, “मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तू झोप आता.” मी कसला झोपतो! पण आज आठवतं ते हे, की बातमी कळल्यावर काटा गेला नाही. तो होता तसाच हातावर होता. क्षणापूर्वी तो भीतीचा होता आणि त्या वाक्यानंतर तोच आनंदाचा झाला. दोन वेगळे काटे आले नाहीत, त्याचं नाव तेवढं बदललं.

रोजच्या मराठीत मात्र आपण कामं वाटून दिली आहेत. अपघाताची बातमी असेल तर अंगावर काटा. गार वारं लागलं तर शहारा किंवा शिरशिरी. शेवटच्या चेंडूवर सामना जिंकला तर रोमहर्षक विजय. पुलकित बहुधा फक्त निमंत्रणपत्रिकेत आणि जुन्या भावगीतांत. वाटणी पक्की नाही, हेही खरं. राष्ट्रगीताला उभं राहिल्यावर जो येतो त्याला मी तरी काटाच म्हणतो, आणि त्यात भय कुठेच नसतं.

हा काटाही वाटतो तसा गावरान नाही. संस्कृतात ‘कण्टक’ या शब्दाचा एक अर्थ अंगावरचा रोमांच असाच आहे आणि ‘कण्टकित’ म्हणजे रोमांचित. शाकुंतलात प्रेमात पडलेल्या शकुंतलेचा गाल असा कण्टकित झालेला दुष्यंत पाहतो. तो काटा भीतीचा नव्हता, हे सांगायला नको. या काट्याला संस्कृत कवींची आवडती उपमा कदंबाच्या फुलाची. ते फूल पाहिलं असेल तर लगेच पटेल: लाडवासारखा गोल चेंडू आणि त्यावर चहूबाजूंनी ताठ उभे असलेले बारीक केसर. मेघदूतात विदिशेजवळ नीचै नावाची टेकडी आहे. मेघ तिथे विसावतो तेव्हा कदंब फुललेले असतात आणि मेघाच्या स्पर्शाने टेकडीच पुलकित झाल्यासारखी दिसते. ही विदिशा म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं भेलसा. आमच्या इंदूरहून भोपाळ ओलांडलं की पुढे लागतं. गोव्याच्या मंडळींना कदंब म्हटल्यावर आधी बस आठवणार, याची मला कल्पना आहे.

आपण सगळे ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तिथल्या भाषांनीही आपापला शब्द आपल्या हातात दिला आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे आम्ही मराठीतसुद्धा ‘रोंगटे उभे राहिले’ म्हणून जातो आणि पुण्याचे पाहुणे आमच्याकडे बघत बसतात. बडोद्यात ‘रुंवाडां ऊभां थई गयां’. बेळगावकडच्या कन्नडमध्ये ‘मै नविरेळु’: मै म्हणजे अंग, नविर् म्हणजे केस, एळु म्हणजे उठणं. तेलुगूत ‘ओळ्ळु गगुर्पोडिचिंदि’. हैदराबादच्या ऑफिसमध्ये हे मला पहिल्यांदा म्हणता आलं तेव्हा शेजारच्या टेबलावर टाळ्या पडल्या होत्या.

आणि बाकीचं जग? ते बहुतेक कोंबडी-बदकांच्या मागे लागलेलं आहे. जर्मन आणि इटालियन माणसाला हंसाची कातडी दिसते. फ्रेंच, स्पॅनिश, डच आणि चिनी माणसाला कोंबडीची. जपानी नुसतं ‘पक्ष्याची कातडी’ म्हणून मोकळा होतो. पिसं उपटलेला पक्षी ज्यांच्या स्वयंपाकघरात रोजचा, त्यांना ही उपमा सुचणं साहजिक आहे. माझं मत विचाराल तर कदंबाचं फूल मला जास्त आवडतं, पण मी शाकाहारी आहे, माझं मत धरू नका.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. चौथीच्या मुलीला लॅटिन आणि पाणिनी एका फोनमध्ये देणं हा छळ झाला असता. एवढंच सांगितलं की हॉरिपिलेशनमधला हॉरर म्हणजे भूत नाही, केस उभे राहणं आहे. आणि आपल्याकडे त्याच शब्दाचा भाऊ हर्ष आहे. तिच्या वर्गात दोन हर्ष आहेत आणि एक हर्षदा, त्यामुळे ती फार खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिने त्या तिघांनाही तुम्ही हॉररचे भाऊ-बहीण आहात, असं सांगून टाकलं. एका हर्षच्या आईचा ताईला फोन आला, तो भाग वेगळा.

स्पर्धेत हॉरिपिलेशन विचारलाच नाही. घरी आल्यावर तिचा पुन्हा फोन.

“मामा, हंस म्हणजे गूज ना? मग हंसाला गूजबम्प्स येतात का?”

पक्ष्यांच्या पिसांच्या मुळाशीही बारीक स्नायू असतात, असं मी सांगितलं. थंडी वाजली की ते पिसं फुलवून गोळा होऊन बसतात.

“म्हणजे येतात,” ती म्हणाली. “फक्त आपल्याला दिसत नाहीत, वर स्वेटर असतो म्हणून.”